चुका भरपूर निघू देत

किल्लीबाईंच्या घरातून त्या पंधरवड्यात देवाकडे दोन मागण्या गेल्या, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट. आधी सगळ्यांनी मागितलं, तपासणीत चुका अगदी कमी निघू देत. मग थोड्याच दिवसांत तीच माणसं त्याच जागी हात जोडून म्हणू लागली, चुका भरपूर निघू देत. देव काही गोंधळत नाही, पण त्यालाही हसू आवरलं नसेल.

किल्लीबाईंचं दुकान लाँड्री आणि चपला शिवणारा यांच्या मधोमध, एका दाराएवढ्या रुंदीचं. आत एक उंच स्टूल, किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळ्या किणकिणतात. किल्लीबाईंच्या बोटांच्या चिरांत पितळेचा कीस बसलेला, आणि पदराला तेलाचा वास. खरं नाव आहे त्यांना, पण ते परवान्यावर. रस्त्यावरची पोरंटोरं, पोस्टमन, बँकेचे साहेब, सगळे किल्लीबाईच म्हणतात.

दुकानाचा एकच नियम, आणि तो मोडायला त्या सख्ख्या भावालाही परवानगी देत नाहीत. नकलेवरून नक्कल नाही. कोणी किल्ली पुढे केली की त्या ती उजेडात धरतात, नख दात्यांवरून एकदा फिरवतात आणि म्हणतात, "ही कुणी बनवली?"

"कुणी म्हणजे? किल्लीच आहे ना?"

"किल्ली आहे हो, पण ही मूळ नाही. मूळ आणा."

"मूळ हरवली म्हणून तर आलो!"

"मग कुलूप आणा. कुलपावरून नवी करून देते. या नकलेत केसभर चूक आहे. हिच्यावरून मी केली तर माझी केसभर आणखी पडेल. तुम्ही पुढच्या वेळी ती घेऊन दुसऱ्याकडे जाल, तो त्याची घालेल. शेवटी दारात उभे राहाल आणि मला शिव्या द्याल."

गिऱ्हाईक कुरकुरत जातं आणि कुलूप काखोटीला मारून परत येतं. कुठे जाणार?

दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. तो तरुणपणीच गेला आणि बायकोसाठी दोन गोष्टी मागे ठेवून गेला, दुकान आणि एचआयव्ही. हे वाक्य किल्लीबाईंचंच. त्या ते असं सहज टाकतात की ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळत नाही. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं होतं, फार तर थोडी वर्षं. त्यांनी ते ऐकलं, भावाच्या घरी आल्या, आणि चार महिने भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मग एक दिवस उठून दुकानाचं शटर वर केलं. रस्त्यावरच्या काही लोकांनी आधी तोंडं फिरवली. पण किल्ली आत राहून दार लागलं की माणूस बिचारा काय करणार? एकेक जण धावत आलाच. "घराबाहेर अडकलेल्या माणसाला शिवाशिव आठवत नाही," असं किल्लीबाई म्हणतात, रागाने नाही, गमतीने.

पुढे चांगल्या गोळ्या आल्या. रोज संध्याकाळच्या चहाबरोबर एक. वर्षं गेली, विषाणू इतका गाढ झोपला की रक्तात शोधूनही सापडेना. आणि मग किल्लीबाईंना एक नवीनच हाव सुटली. त्यांना म्हातारं व्हायचं होतं. दुसऱ्या बायका पांढरे केस झाकतात, या आरशासमोर उभ्या राहून मोजतात. "वहिनी, आज आणखी एक सापडला बघ!" त्यांना काठी हवी होती, कवळी हवी होती, गुडघेदुखीच्या तक्रारी हव्या होत्या. "मला मिळणार नाही म्हणून सांगितलेलं म्हातारपण आहे ते," त्या म्हणत, "मी ते पूर्ण वसूल करणार."

अशात त्यांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला.

त्याचीही औषधं झाली, किरणं झाली, वर्षभर सगळं बरं चाललं. मग जांघेत एक गाठ लागली हाताला. बोराच्या बीएवढी. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढला आणि जे यायला नको होतं तेच आलं. कॅन्सर परत आला होता. स्कॅनमध्ये आत आणखी दोन जागी दिसला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा आणि भरभर बोलणं. त्या दिवशी किल्लीबाई आत कपडे बदलत होत्या आणि बाहेर डॉक्टरीणबाई दादांना, म्हणजे किल्लीबाईंच्या थोरल्या भावाला, समजावून सांगत होत्या. दादा माणूस सोन्यासारखा, पण अर्धं ऐकून पूर्ण सांगणारा. घरी येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, "तुकडा पुढच्या तपासणीला पाठवलाय. पेशींमध्ये चुका किती आहेत ते बघणार आहेत."

"चुका? कसल्या चुका?"

"आतल्या. नकलेतल्या. मला काय विचारतेस, मी डॉक्टर आहे का?"

वहिनी भाविक बाई. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे बसल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. तिने त्याच संध्याकाळी पदर खांद्यावरून घेतला आणि मागणं सुरू केलं. देवा, आमच्या वन्संच्या तपासणीत चुका कमी निघू देत. अगदी शून्य निघाल्या तर फारच उत्तम. किल्लीबाईही तिच्या शेजारी बसून हेच म्हणू लागल्या. दादा मागे उभे राहून मान हलवत. चूक कमी असणं चांगलं, हे जगात कुणाला सांगायला लागतं?

चार दिवसांनी किल्लीबाई रक्त द्यायला एकट्याच इस्पितळात गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या.

"रिपोर्ट आला का हो?" किल्लीबाईंनी विचारलं. "घरी सगळे प्रार्थना करतायत, चुका कमी निघाव्यात म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर ढकलला. "कमी? अहो नाही नाही! आपल्याला जास्त हव्यात!"

मग जिन्यातच, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत, त्यांनी पहिल्यापासून सांगितलं.

"आपल्या पेशी सारख्या नव्या होत असतात. नवी होताना ती जुनीतला सगळा मजकूर उतरवून घेते."

"म्हणजे नक्कल."

"नक्कल. त्यात चुका होतातच. पण प्रत्येक पेशीत चुका शोधून दुरुस्त करणारे कारागीर असतात. काही कॅन्सरमध्ये हे कारागीरच कामातून जातात. मग चुकीवरून चूक, नकलेवरून नक्कल. मजकूर ठिकाणावर राहतच नाही. याला आम्ही जनुकीय अस्थिरता म्हणतो."

किल्लीबाईंना हे वेगळं समजवायला नको होतं. पण त्यांच्या मनात दुसराच प्रश्न होता. "हे एचआयव्हीने केलं?"

"सरळ त्याने नाही. त्याने तुमचे पहारेकरी मारले, रोगाशी लढणाऱ्या पेशी. गोळ्या सुरू होण्याआधी तुमच्या शरीरात पहारा फारच थोडा उरला होता. त्या काळात दुसरा एक विषाणू गर्भाशयाच्या तोंडाशी येऊन बसला. तो पुष्कळ बायकांना होतो, पहारेकरी त्याला हाकलून देतात. तुमच्याकडे हाकलायला कुणी नव्हतं. तो वर्षानुवर्षं राहिला आणि पेशींचं नक्कल करायचं काम बिघडवत बसला."

"एकाने राखणदार मारला आणि दुसऱ्याने घर फोडलं म्हणा की."

"अगदी तसंच."

"आणि आता चुका जास्त असल्या तर चांगलं कसं?"

"कारण एक नवीन औषध आहे, सलाईनमधून देतात. ते कॅन्सरला मारत नाही. तुमच्याच पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढतं. ज्या गाठीत चुका फार, ती पहारेकऱ्यांना परकी दिसते, ओळखू येते. चुका थोड्या असल्या तर ती आपलीच वाटते, आणि औषधाचा उपयोग कमी. म्हणून अस्थिरता भरपूर निघाली तरच ते औषध देता येतं."

"आणि नाही निघाली तर?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चष्मा वर ढकलला. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "तर जुनी औषधं आहेत. ती वेळ देतात. पण थोडा."

किल्लीबाईंनी मान हलवली. एक स्ट्रेचर वर गेलं, त्याला वाट दिली. मग त्या म्हणाल्या, "चुका मोजता कुठे? सगळा मजकूर वाचता?"

"नाही. मजकुरात काही जागा अशा असतात की तीच तीच अक्षरं ओळीने येतात. तिथे नक्कल घसरते. त्या जागा तपासतो."

किल्लीबाईंच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. "सारख्या उंचीचे दाते ओळीने आले की कानस चालवताना माझंही तिथेच चुकतं! एक दाता जास्त, नाहीतर एक कमी."

"मग तुम्हाला मी कशाला सांगतेय?" डॉक्टरीणबाई हसल्या आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या.

किल्लीबाईंना कळलं खरं, पण घरी वहिनीला कसं पटवायचं? त्या दुकानात गेल्या, घरच्या दाराच्या कुलपाच्या दोन किल्ल्या मुद्दाम चुकवून कापल्या आणि संध्याकाळी पिशवीत टाकून घरी आल्या. वहिनी बैठकीच्या खोलीत मटार सोलत बसली होती. दादा दूध आणायला गेले होते.

"वहिनी, देवाला निरोप बदलायचाय."

"म्हणजे?"

"चुका कमी नकोत. जास्त हव्यात. भरपूर. ढीगभर."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "वन्सं, तब्येत बरी आहे ना तुमची? देवाकडे कुणी असं मागतं का? उद्या म्हणाल, घराला आग लागू दे!"

"अगं ऐक तर. चुका जास्त असल्या तर नवीन औषध मिळेल. नाहीतर नाही मिळायचं."

"आणि मी एवढे दिवस जे मागितलं ते? ते मागे घ्यायला मला तोंड आहे का?"

"देव काय दुकानदार आहे, विकलेला माल परत घेणार नाही म्हणायला?"

"तुम्ही तरी कुठे घेता परत!"

"उठ. दाखवते."

आतून आणि बाहेरून दोन्हीकडून किल्ली लागायची असं त्यांच्या दाराचं कुलूप. किल्लीबाईंनी दार लावलं, बरोबर किल्लीने आतून कुलूप घातलं. मग पहिली चुकीची किल्ली वहिनीच्या हातात दिली. तिचे दाते, खाचा, पाठीवरची चीर, सगळंच चुकलेलं. वहिनीने ती कुलपाला लावली. टोकसुद्धा आत गेलं नाही.

"बघितलंस? उंबरठ्यावरच हाकलली. ही जास्त चुकांची. आता ही दुसरी. हिच्यात एकच दाता केसभर खाली आहे. लाव. पण हळू हं, फिरवू नको..."

पण वहिनी कामाला वाघ. तिने किल्ली घातली, ती मुळापर्यंत गुळगुळीत आत गेली, आणि किल्ली आत गेली की हात फिरतोच. अर्ध्यावर गेली आणि अडकली. वहिनीने जोर केला. टक. मूठ वहिनीच्या हातात आली आणि उरलेली किल्ली कुलपाच्या पोटात राहिली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. नेमकी तेव्हाच घंटा वाजली.

"दार उघडा," बाहेरून दादा.

"उघडत नाही," आतून वहिनी.

"का?"

"वन्सं मला कॅन्सर समजावून सांगतायत!"

बाहेरून दादांनी दार दोनदा ठोठावलं. मग दादांनी घाबरून विचारलं, "ती बरी आहे ना?"

किल्लीबाई जमिनीवर बसल्या होत्या, पोट धरून. हसताना त्यांना श्वास मिळेना. "दादा," त्यांनी कसंबसं म्हटलं, "घराचं कुलूप अडकवलंय आम्ही."

"तू? तू अडकवलंस? सगळ्या गावची दारं उघडते आणि स्वतःच्या घराचं... अगं, दूध गरम होतंय हातात!"

"एखाद्या किल्लीवालीला बोलवा ना," वहिनी ओरडली, आणि मग तीही बसली.

समोरच्या दारातून शेजारीण बाहेर आली. दादांनी तिला सांगितलं की आत बहिणीला कॅन्सर आहे, म्हणून दार उघडत नाही. ती बिचारी पाणी घेऊन आली. शेवटी किल्लीबाईंनी पिशवीतला पाना-पेचकस काढला, आतून सगळं कुलूप खोलून हातात घेतलं आणि दार उघडलं. बाहेर दादा, दुधाची पिशवी, शेजारीण, पाण्याचा तांब्या. आत दोन बायका डोळे पुसत.

पण वहिनीला पटलं होतं. मटार परत पुढ्यात घेऊन ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे थोडी चुकलेलीच घात करते. कुलपाला वाटतं आपलीच आहे, आत घेतं, आणि मग बसतं अडकून. पुरती चुकलेली दारातच कळते."

"हेच सांगत होते डॉक्टर," किल्लीबाई म्हणाल्या.

"मग हे आधी सांगायचं सोडून माझ्याकडून कुलूप कशाला मोडवलंत?"

त्या संध्याकाळी वहिनी देवापुढे बसली ती आधी दोनदा वातच सारखी करत राहिली. मागितलेलं फिरवायचं म्हणजे काय सोपं नाही. मग तिने हात जोडले. देवा, आम्हाला काही कळत नाही. काय मागायचं तेही कळत नाही. माणसाला वाटतं भलं मागतोय आणि तो मागतो स्वतःच्या वाईटाचं. मागचं सगळं विसर. आमच्या वन्संना राहू दे. आणि त्यासाठी चुका लागत असतील तर भरपूर निघू देत. किल्लीबाई शेजारी होत्या. एवढे दिवस त्या हसत होत्या, पण त्या वेळी त्यांनी वहिनीच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

रिपोर्टच्या दिवशी तिघंही गेली. दादांना सक्त ताकीद होती, पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. खोलीत डॉक्टरीणबाई आधीच उभ्या होत्या. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भयानक आहे. तपासल्या त्या सगळ्या जागा घसरल्यात. इतकी अस्थिरता मी क्वचित बघते."

"देव पावला!" वहिनी इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

दादांनी ताकीद पाळून आधी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग विचारलं, "हे चांगलं ना?" आणि होकार मिळताच रडायला लागले.

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्वी एचआयव्ही असलेल्यांना हे औषध द्यायला डॉक्टर कचरत. पण तुमचा विषाणू झोपलेला आहे आणि पहारेकरी पुरेसे आहेत, म्हणून देऊ. गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. आणि आधीच सांगते, हे सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना छान पडतं, काहींना नाही."

"लागू पडेल की नाही ते आम्ही बघू," किल्लीबाई म्हणाल्या. "तुम्ही सुई लावा."

बाहेर आल्यावर रांगेतल्या एका आजींनी वहिनीचा हात धरला. "सगळं साफ निघालं का गं बाई?"

"नाही हो आजी! सगळं पार बिघडलेलं निघालं!" वहिनी आनंदाने म्हणाली. आजींनी घाईघाईने हात सोडला.

औषध सुरू झालं. मोठ्या खिडक्यांची खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येकाच्या हाताला नळी. किल्लीबाईंना अंगावर पुरळ उठलं, थकवा आला, जिना चढताना मधे बसावं लागलं. तरी त्यांनी पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या शाळामास्तरांशी मैत्री केली, आणि दुसऱ्या फेरीला त्यांच्या कपाटाचं अडकलेलं कुलूप घेऊन बसल्या. नर्सने डोळे वटारले. "बाई, हे इस्पितळ आहे." "माहीत आहे गं. दोन्ही हात रिकामे असले की मी आजारी पडते."

मधे एक दिवस अंघोळ करताना किल्लीबाईंचा हात जांघेतल्या गाठीवर गेला आणि त्या थबकल्या. केसभर कमी जास्त ओळखणारी बोटं ती. पण त्यांना स्वतःच्या बोटांवर विश्वास बसेना. माणूस हवं ते चाचपतो. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत हात लावला नाही. घाबरल्या.

मग स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना झोपवून आधी हाताने बघितलं. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, चष्मा घसरला तो तसाच राहू दिला.

"कुठे होती हो गाठ?"

"तुम्हीच तुकडा काढलात की!"

"हो, पण आता मला सापडत नाहीये."

स्कॅनमध्ये ती होती, पण तिळाएवढी. आतल्या दुसऱ्या दोन जागा तर दिसतच नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी आधीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावलं आणि तिघांना दाखवलं. औषध पुढे बराच काळ चालणार होतं, तपासण्या राहणार होत्या, आणि जपून राहायचं होतं. हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. कुणी ऐकलं की नाही कोण जाणे.

वहिनी खुर्चीवरून उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातच पडली. त्यांचा चष्मा खाली पडला, तो किल्लीबाईंनी उचलला, एका काडीचा ढिला स्क्रू नखाने घट्ट केला आणि परत दिला.

दादा दरवाज्यापाशी भिंतीला टेकून उभे होते, रुमाल तोंडावर धरून, खांदे गदागदा हलत होते.

"दादा," किल्लीबाई म्हणाल्या, "रडायचं असेल तर बसून रड रे. उभ्याने पडलास तर हे तुलाही ठेवून घेतील."

"तू गप्प बस," दादा रुमालातून म्हणाले. "मला एकदा तरी पूर्ण ऐकू दे."

मग त्यांनी डोळे पुसले, खुर्ची ओढून डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले आणि म्हणाले, "हं, आता पहिल्यापासून सांगा. काय काय कमी झालंय?"